तीन बिनडाग लुगडी

उजव्या डोळ्यातली काळी बाहुली मोठी झाली होती. डावी होती तेवढीच होती. डॉक्टरीणबाईंनी बॅटरीचा उजेड टाकला तेव्हा डावी आकसली, उजवी तशीच राहिली. बाई एक्स-रेच्या खोलीतून ओली फिल्म हातात धरूनच बाहेर आल्या होत्या. तिच्यातलं पाणी फरशीवर टपकत होतं.

"मेंदूवर रक्त साचलंय," त्या म्हणाल्या. "कवटीला भोक पाडून काढावं लागेल. आत्ताच. सही कोण करणार?"

माझा नवरा स्ट्रेचरवर होता. मानेत जिथं सुई टोचली तिथं कापसाचा बोळा चिकटपट्टीनं लावला होता. श्वास घोरल्यासारखा येत होता आणि मध्येच थांबत होता. थांबला की मी आकडे मोजत होते. एकदा दहापर्यंत गेले.

सासूनं स्ट्रेचरची दांडी धरली. "माह्या पोराचं डोकं फोडू नोका, बाई. लढाईत फुटलं नाही ते तुम्ही फोडता काय?"

"आजी, हात सोडा. वेळ नाही."

"वाचतीन काय?" मी विचारलं.

"खात्री देता येत नाही. नाही केलं तर संध्याकाळपर्यंत जातील. केलं तर आशा आहे."

मी कागद मागितला. सासू माझ्याकडे वळली. "काहून सही करून राहिली वं? मेला तं?"

"मेले तं माहंच कुंकू जाईन, आत्याबाई. दांडी सोडा."

तिनं सोडली नाही. मी तिची बोटं एकेक करून उचलली. मग सही केली. मी चौथी शिकलेली. पूर्ण नाव लिहायला मला वेळ लागतो. बाई दोनदा "लवकर" म्हणाल्या.

"कुठं आहे रक्त?" मी विचारलं. त्यांनी चिडून फिल्म खिडकीकडे धरली. पांढऱ्या बारीक शिरा होत्या. एका बाजूच्या शिरा हाडापर्यंत पोचल्या होत्या. दुसऱ्या बाजूला हाड आणि शिरा यांच्यामध्ये काळी कोर होती, चवथीच्या चंद्रासारखी. तिथल्या शिरा आत दाबल्या गेल्या होत्या. मागावरचे उभे धागे कोणी तळहातानं लोटून धरावेत तशा. मला समजलं. स्ट्रेचर आत गेलं. दार लागलं. दुपारचे दोन वाजले असतील.

हे मी लिहिते त्याचं कारण आहे. पलटणीतून डोक्याला मार खाऊन आलेला माणूस ज्या बाईच्या घरात असतो, तिला पुष्कळ लोक पुष्कळ सांगतात. उपयोगाचं फारसं कोणी सांगत नाही. मी चुका केल्या. त्या तुम्ही करू नका, एवढ्यासाठी लिहिते.

आम्ही तांडापेठेतले विणकर. घरात खड्ड्याचा माग. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायानं पट्ट्या दाबायच्या, हातानं धोटा या बाजूनं त्या बाजूला फेकायचा. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते. ती संपली की माग थांबवून दुसरी घालायची. आमच्यात बाया कांड्या भरत आणि मागावर माणूस बसे. नवरा पलटणीत गेला तेव्हा मागावर मी बसले. लोक हसले, मग हसून थकले.

नवऱ्याचं नाव नामदेव. तोंडानं कधी घेतलं नाही, लिहायला हरकत नाही. एकाहत्तरच्या लढाईत ते पश्चिमेच्या सीमेवर होते. तोफेचा गोळा जवळ पडला आणि ते मातीखाली गाडले गेले. काढले तेव्हा बेशुद्ध होते, कानातून रक्त येत होतं. तीन दिवसांनी डोळे उघडले. काही महिने दवाखान्यात ठेवून, पेन्शन देऊन घरी पाठवलं. कागद इंग्रजीत होता. एका मास्तरांकडून वाचून घेतला. हाड शाबूत आहे, माणूस घाबरट झाला आहे, असं त्यात होतं.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी मागावर होते आणि ते बाजेवर पडले होते. एकाएकी उठले आणि खड्ड्यात, माझ्या पायांवरच, उडी मारली. गुडघ्यांत डोकं घातलं, डोक्यावर हात ठेवले. मलाही पदर धरून ओढलं. "खाली! खाली हो!" मला वाटलं साप दिसला. अर्धा तास थरथरत होते. घामानं बंडी भिजली. नंतर लाजले आणि जेवले नाहीत.

पुढं हे सारखं होऊ लागलं. दीडेक वर्षानं दुसरं सुरू झालं. नळावर उभे असताना अंग ताठ झालं, लाकडासारखे पडले. हातपाय झाडले, तोंडाला फेस आला, धोतर ओलं झालं. उठल्यावर काही आठवेना. दिवसभर झोपले.

मोहल्ल्यानं दोन्हीला एकच नाव दिलं. लढाईचं वारं. कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल. सासूनं गळ्यात काळा दोरा बांधला आणि कोराडीच्या देवीला नवस केला. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, मागाच्या खटखटीनं होतं. बंदुकीसारखा आवाज, दुसरं काय होणार. मलाही ते पटलं. ते जरा बेचैन दिसले की मी माग थांबवायची. धागा ठोकून बसवणाऱ्या लाकडी हात्याला चिंध्याही गुंडाळल्या. तरी वाढतच गेलं.

सीताबर्डीच्या एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. गोळ्यांनी झोप येते म्हणून यांनी महिन्यात सोडल्या. मीही आग्रह केला नाही. ही एक चूक.

आमचा माल विणकरांच्या सोसायटीत जाई. तिथं माल तपासायला दाजीबा नावाचे म्हातारे होते. लुगडं बांबूवर टाकून उजेडात पाहायचे. त्यांच्या नजरेतून एक धागा सुटत नसे आणि जिभेतून एक माणूस.

"हे काय वं? दर दोन हातावर डाग. विणून राहिली का गोट्या खेळून राहिली?"

"घरात माणूस बिमार आहे, दाजीबा."

"माणूस बिमार आहे. लुगडं काहून बिमार आहे?"

त्यांनी माझं बोट धरून डागांवरून फिरवलं. "हे पाह्य. हे चार धागे तुटले. धोटा मधातच सोडून पळाली तू. असे पाच ठिकाणी. अन् हे दुसरे. इथं काही तुटलं नाही. फक्त ढिलं पडलं. अन् सारे कांडीच्या जोडावर. साधी कांडी बदलता येत नाही काय तुले?"

दोन लुगडी परत केली. मी रागानं घरी आणली आणि बाजेवर अंथरायला घेतली. दाजीबा काय बोलले ते मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हे अंगणात पडले. अंग ताठ झालं आणि डोकं धुण्याच्या दगडावर आपटलं. उजव्या बाजूला टेंगूळ आलं, दोन दिवसांत बसलं. रक्त आलं नाही, म्हणून आम्ही विसरलो.

आणि मग घर शांत झालं.

तीन आठवडे एकदाही पडले नाहीत. एकदाही खड्ड्यात उडी मारली नाही. माग चालो की थांबो, बाजेवर पडून आढ्याकडे बघत. झोप पुष्कळ. विचारलं तर उशिरानं उत्तर देत. सासू नारळ आणि तेल घेऊन कोराडीला गेली, नवस फेडून आली, मोहल्ल्यात प्रसाद वाटला. मी तीन लुगडी विणली. दाजीबांनी एकेक करून बांबूवर टाकलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"आता बसला हात. डाग नाही एक. असं वीन बाप्पा."

मी खूश होऊन घरी आले. वाटेत सुपारी घेतली, स्वतःसाठी.

चौथ्या आठवड्यात सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखू लागलं. दोन्ही हातांनी डोकं धरून बसत. मळमळ नसताना एकदम ओकारी होई. बंडीची गुंडी लागेना. डाव्या पायातली चप्पल वाटेत निघून राही आणि त्यांना कळत नसे. एक दिवस बाजेवर बसल्या बसल्या लघवी झाली आणि ते तसेच बसून राहिले. मग बोलणं बंद झालं.

एका खासगी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाच मिनिटं पाहिलं. "लढाईचा धक्का. आता वेड पक्कं झालं. मेंटलमध्ये भरती करा." चिठ्ठी दिली. भरतीसाठी मोठ्या सरकारी दवाखान्याचा दाखला लागेल म्हणाले. आम्ही तिथं गेलो ते त्या दाखल्यासाठी. बरं करायला नेलं, असं मी खोटं लिहिणार नाही. सायकल रिक्षात परत आलेलं एक लुगडं अंगाखाली घालून ते मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला सासू. मान दर खड्ड्याला माझ्या खांद्यावर पडत होती.

रांगेत तीन तास गेले. दाखल्यावर सही करायला जी डॉक्टरीण होती ती नवीन होती, जाड चष्म्याची, भरभर बोलणारी. तिनं सही केली नाही. आधी डोक्याचा एक्स-रे काढायला पाठवलं. तो घेऊन आलो.

"हाड शाबूत आहे," बाई म्हणाल्या. हे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकत होते. "एक्स-रेमध्ये फक्त हाड दिसतं. आत काय आहे ते दिसत नाही. ईईजी म्हणून एक तपासणी आहे, डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या रेघा कागदावर काढतात. पण तिचा नंबर आठ दिवसांनी लागेल."

त्यांचे वरचे साहेब शेजारच्या टेबलावर होते. त्यांनी मान न उचलता म्हटलं, "सैनिक आहे, चार वर्षांचा त्रास आहे. द्या दाखला."

बाईंनी पेन उघडलं. मग मला विचारलं, "झटके किती वेळा आले? शेवटचा कोणत्या तारखेला? त्यात काय होतं?"

मी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते. माझं डोकं फिरलं. "तारखा मले माहीत नाही, बाई. मी मागावर असतो का पंचांग घेऊन बसतो? पाहाच्या असन तं हे पाहा." यांच्या अंगाखाली अंथरलेलं लुगडं मी ओढून काढलं आणि टेबलावर पसरलं.

"हे काय?"

"हे परत आलेलं लुगडं. हे पडले का मी धोटा टाकून धावतो. मंग धागे तुटते. हा एक. हा एक. हा इथं. अन् हे दुसरे डाग ते घाबरून खड्ड्यात येते तवाचे. त्याच्यात धागा तुटत नाही."

"का तुटत नाही?"

"तवा माग बंदच राह्यते. मी कांडी बदलून राह्यली असते."

बाईंनी पेन ठेवलं. "दर वेळी कांडी बदलतानाच?"

मी बोटानं पाहत गेले. जोड. ढिलं. जोड. ढिलं. दाजीबांनी दाखवलं होतं तसंच. "हो. दर वेळी."

"कांडी बदलताना काय होतं?"

"काही नाही. माग थांबते."

"म्हणजे आवाज थांबतो," त्या म्हणाल्या.

चार वर्षं मी त्यांना बरं वाटावं म्हणून माग थांबवत होते.

बाईंनी समजावलं. हे दोन वेगळे आजार आहेत. पडण्याला एपिलेप्सी म्हणतात. डोक्याला मार लागतो तिथं मेंदूवर व्रण राहतो, त्या जागी मध्येच वीज उसळते आणि माणूस पडतो. ती कधीही येते, माग चालू असो की बंद. दुसरा आजार लढाईच्या धक्क्याचा. तो काही ठरावीक गोष्टीनं जागा होतो. मग त्यांनी लुगडं टोकापर्यंत ओढलं.

"याच्यानंतरचं कापड कुठं आहे?"

"ते नाही आणलं. ते सोसायटीनं घेतलं. तीन लुगडी. बिनडाग."

"बिनडाग म्हणजे?"

"म्हणजे मले उठाच लागलं नाही."

"तीन लुगडी विणायला किती दिवस?"

"तीन आठवडे. घरचं पाहून."

"तीन आठवडे झटका नाही. भीतीही नाही. माग थांबला तरीही?"

"देवीनं ऐकलं, बाई," सासू म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "चार वर्षं आवाज थांबला की खड्ड्यात उडी मारणारा माणूस तीन आठवडे हललासुद्धा नाही. आणि तुम्हांला वाटलं, बरा झाला?"

"हो. मले वाटलं."

"त्याच्या आधी डोक्याला काही लागलं होतं?"

तेव्हा मला धुण्याचा दगड आठवला.

त्या उठल्या. डोळ्याला लावायचं एक लहान यंत्र आणून यांच्या डोळ्यांत आतपर्यंत बराच वेळ पाहत राहिल्या. मग साहेबांच्या टेबलावर जाऊन इंग्रजीत बोलल्या. साहेब उठून आले, त्यांनीही डोळ्यांत पाहिलं. डोळ्यामागची शीर सुजली होती, म्हणजे डोक्यात दाब वाढला होता, असं बाईंनी मला नंतर सांगितलं. दाखल्याचा कागद त्यांनी घडी करून खिशात टाकला. "वॉर्डात घ्या," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली. मानेतल्या मोठ्या शिरेत सुई घालतात, तिच्यातून औषध सोडतात आणि ते मेंदूच्या शिरांत पोचेपर्यंत पटापट एक्स-रे काढतात. रक्त जिथं जिथं जातं तिथली शीर फिल्मवर पांढरी उमटते. त्या काळी मेंदू पाहायचा हाच रस्ता होता, तोही पूर्ण पाहायचा नाहीच, शिरांवरून अंदाज करायचा. औषध आत जाताना डोक्यात आग होते असं बाईंनी आधी सांगितलं होतं. कधी कधी यातच माणूस जातो, हेही सांगितलं.

मी दाराबाहेर उभी होते. आठवडाभर मुका असलेला माणूस आतून ओरडला. एकदाच. शब्द नव्हता. मग काही नाही. दार उघडलं तेव्हा बाहुली मोठी झालेली होती. तिथून मी सुरुवात केली आहे.

ऑपरेशनला अडीच तास लागले. सासू फरशीवर बसून मला शिव्या देत होती. तुझ्या आईनं तुला दगड खाऊन जन्म दिला, तुझ्या पोटात माया नाही, वगैरे. दीड तासानं शिव्या संपल्या. मग माझ्याकडे सरकली.

"तमाकू आहे काय वं?"

मी चंची दिली. तिनं चिमूट घेतली, चुना लावला, अर्धी मला दिली. आम्ही दोघी दाराकडे बघत चघळत बसलो.

सर्जन बाहेर आले. म्हातारे होते, कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. "दोन भोकं पाडली. इंजिनातल्या तेलासारखं काळं रक्त निघालं. आत इतका दाब होता की उडालंच. बाहुली पुन्हा लहान होते आहे. आता वाट पाहायची."

या आजाराचं नाव क्रॉनिक सबड्यूरल हिमॅटोमा. मी ते बाईंकडून वहीत लिहून घेतलं आहे. कवटीच्या आत मेंदूवर पडदा असतो. मार लागला की त्याच्याखाली बारीक शीर फुटते आणि रक्त हळूहळू, आठवडेच्या आठवडे साचत जातं. वरून काही दिसत नाही. माणूस मंद होतो, झोपतो, विसरतो. वेडा झाला असं लोक समजतात. आम्ही तर बरा झाला असं समजलो.

पहिला दिवस काही नाही. दुसऱ्या दिवशी डाव्या हाताचं बोट हललं. तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि बाई तीन वेळा येऊन गेल्या, म्हणजे धोका आहे हे मला न सांगता कळलं. चौथ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले. हात डोक्यावर नेला, पट्टीवरून फिरवला.

"माहे केस कोनं कापले?"

"तुह्या बायकोनं सही देल्ली," सासू म्हणाली. "मी नाही म्हटलं होतं."

अठरा दिवसांनी घरी आलो. फिट थांबवणाऱ्या गोळ्या रोज, आयुष्यभर. या वेळी मी समोर उभी राहून गिळायला लावायची. झोप आली तर झोपा म्हणायची.

घरी तिसऱ्या दिवशी मी मागावर बसले. महिनाभर बंद असलेला माग जड झाला होता. कांडी संपली. मी हात थांबवला. आणि ते डोक्याला पट्टी असताना बाजेवरून उठले, धडपडत आले आणि खड्ड्यात माझ्या पायांवर पडले. "खाली हो!"

सासू कपाळावर हात मारून रडायला लागली. पुन्हा तेच आलं म्हणाली. मी मात्र त्यांच्या डोक्याची पट्टी सांभाळत खड्ड्यात बसले आणि मला हसू आलं. आवाज थांबला हे त्यांना कळलं होतं. त्यांचं डोकं जागेवर आलं होतं. या वेळी मी खूश झाले ते चुकले नाही.

सहा महिन्यांनी एकदा कांड्यांची टोपली माझ्याजवळ सरकवताना त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं. सीमेवर खंदकात बसले होते, गोळ्यावर गोळा पडत होता. आवाज चालू होता तोवर कोणी डोकं वर काढत नव्हतं. मग आवाज थांबला. थांबला असं वाटून शेजारच्यानं डोकं काढलं, यांनीही काढलं. शेवटचा गोळा तेव्हा आला. शेजारच्याचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. पुन्हा कधी बोलले नाहीत.

मी बाईंना जाऊन हे सांगितलं. त्या म्हणाल्या, याला माझ्याकडे गोळी नाही. थांबायच्या आधी सांगून थांबत जा.

तसं केलं. कांडी संपत आली की मी म्हणायची, "कांडी संपून राहिली. आता थांबतो." ते म्हणायचे, "हं." मग थांबायची. पहिला महिना उपयोग झाला नाही. दुसऱ्यात थोडा झाला. पुढं त्यांनीच चरखा घेतला आणि माझ्यासाठी कांड्या भरायला बसू लागले. माझा माग थांबला तरी त्यांचा चरखा घुर्र करत असे. मोहल्ल्यातली माणसं चिडवायची, "काय हवालदार, बायकोच्या हाताखाली लागला काय गा?" ते म्हणायचे, "तू ये नं, तुलेबी लावून देते ते." भीती गेली नाही. आठवड्यात तीन-चारदा येत होती ती महिन्यात एकदा येऊ लागली. फटाक्यांच्या दिवसांत रोज.

आठ-नऊ वर्षांनी रामदासपेठेत सीटी स्कॅनचं यंत्र आल्याचं कळलं. पेन्शनच्या तपासणीत तिकडे पाठवलं. मोठं गोल कडं, त्यात डोकं सरकवतात. सुई नाही, आग नाही. हरभऱ्याची डाळ शिजेल एवढ्या वेळात मेंदूच्या चकत्या केल्यासारखे फोटो निघाले. तिथल्या डॉक्टरांनी दिव्यावर लावून दाखवले. पुढच्या बाजूला करवंदाएवढा काळा डाग होता. तो जुना व्रण, फिट तिथून येत होती. ज्या जागी रक्त साचलं होतं तिथं आता मेंदू परत हाडाला भिडला होता.

हे बराच वेळ फोटो पाहत राहिले. मग विचारलं, "सायब, आवाज बंद झाल्यावर जे होते मले, ते कोन्त्या फोटोत आहे?"

डॉक्टर प्रामाणिक होते. "ते यात दिसत नाही. लढाईवरून आलेल्या पुष्कळांना ते होतं. आता त्याला नावही मिळालंय, पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस. पण त्याचा फोटो अजून कोणाला काढता येत नाही."

"मंग लेकहो, अर्धाच फोटो काढला तुम्ही," हे म्हणाले आणि चप्पल घालायला लागले. दोन्ही पायांत नीट घातली.

आता ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना सांगते. मार लागलेला माणूस शांत झाला तर नवस फेडायला जाऊ नका, दवाखान्यात न्या. डोकं सकाळी दुखतं का, ओकारी येते का, पाय ओढतो का, ते पाहा. पडला तर कांदा-चप्पल नको, कुशीवर वळवा आणि तोंडात काही कोंबू नका. गोळ्या सोडू देऊ नका. डॉक्टर तारखा विचारतील. तारखा नसतील तर तुमच्या कामात जे काही राहून गेलं, बिघडलं, करपलं, ते सांगा. लाजू नका. हाड शाबूत आहे असं म्हणाले तर हाडाच्या आतलं विचारा. आणि फोटोत दिसलं नाही म्हणून माणूस ढोंग करतो असं कोणी म्हटलं, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

त्या डॉक्टरीणबाईंची दोन वर्षांत बदली झाली. जाताना भेटायला गेले तेव्हा त्या रांगेतले पेशंट पाहत होत्या. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली, पुढचा पेशंट बोलावला. मला तेवढं पुरलं. त्यांनी पेन खाली ठेवलं नसतं तर माझा नवरा वेड्यांच्या दवाखान्यात आठवड्याच्या आत मेला असता आणि आम्ही म्हटलं असतं, लढाईनं मारला.

त्या आठवड्यात वॉर्डात डोक्याचे तिघे होते. एक सदरचा ड्रायव्हर, एक उमरेडकडचा म्हातारा आणि आमचे हे. ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी गेला, म्हातारा दहाव्या दिवशी. हे त्यानंतर एकोणीस वर्षं जगले.